जाड तार

“पाय खोल,” मिस क्वाड्रोस म्हणाल्या.

मी स्टुलावर बसले होते, व्हायोलिनसारखा पण छातीपर्यंत येणारा चेलो पुढ्यात होता. मी गुडघे दोन-चार बोटं लांब केले.

“खोल म्हणते ना! वाद्य मध्ये शिरायला पाहिजे. मांडीवर नारळ घेऊन बसलीय काय तू?” आणि हातातली लाकडी पट्टी माझ्या गुडघ्यांमध्ये घालून त्यांनी फाटक ढकलावं तसे माझे पाय दोन बाजूंना लोटले.

पुढच्याच क्षणी माझं मनगट आईच्या मुठीत होतं. मी खेचली गेले, चेलो कलंडला, तो मिस क्वाड्रोसनी वरच्यावर धरला.

“ही काय बोलायची पद्धत झाली?” आईचा आवाज चिरकला. “वयात आलेली मुलगी आहे ती. चांगल्या घरातली आहे.”

“चांगल्या घरातल्या मुलींना गुडघे नसतात?”

“करुणा, चल.”

“मॅडम, हा असाच वाजतो. दुनियेत सगळीकडे असाच वाजतो.”

“वाजू द्या दुनियेत,” आई म्हणाली, त्यांच्या हातातला चेलो माझ्याकडे दिला आणि मला घेऊन जिना उतरली. खाली मोटारींचं गॅरेज होतं. तिथली माणसं मान वर करून आमच्याकडे बघत होती, कारण चेलो छातीशी धरून लाकडी जिना उतरणारी मुलगी नागपूरच्या सदर भागातही रोज दिसत नाही.

मी संतापले होते. मिस क्वाड्रोसवर नाही, आईवर. कारण पट्टीनं माझे गुडघे लांब झाले त्या एका क्षणात चेलो आपोआप आत आला होता, त्याची कड माझ्या छातीला टेकली होती आणि मला कळलं होतं की हीच याची जागा. तेवढ्यात ओढलं मला. जेवायला बसलेल्या माणसाच्या पुढचं ताट उचलावं तसं.

आईनं माझं नाव करुणा ठेवलं, तो तिचा सद्हेतू. स्वभाव मात्र तिचाच आला. आमच्या वस्तीत म्हणायचे, मेश्राम सिस्टरच्या घरात चूल पेटवायला काडी लागत नाही.

सिस्टर म्हणजे माझी आई, यशोधरा मेश्राम. नागपूरच्या एका मिशन हॉस्पिटलात ती स्टाफ नर्स होती. बाबा माझ्या लहानपणीच गेले. घरात आम्ही तिघी, आई, मी आणि आईची आई. आजी कापड गिरणीतून निवृत्त झालेली, नेहमी नऊवारी लुगडं कासोटा घालून नेसायची आणि मोठ्यानं बोलायची, कारण गिरणीच्या आवाजात हळू बोलून कुणाला काही ऐकू येत नसे.

चेलो मला हॉस्पिटलात भेटला. तिथले परदेशी म्हातारे डॉक्टर संध्याकाळी प्रार्थनेच्या खोलीत एकटेच वाजवत बसायचे. आईची ड्यूटी संपेपर्यंत मी तिथे थांबत असे. पुढे पुढे डॉक्टर मला जवळ बोलवायला लागले. चेलो त्यांच्या गुडघ्यांत, डावा हात त्यांचा, आणि गज माझ्या हातात. उपासनेतल्या एका साध्या गाण्याची चाल आम्ही दोघं मिळून वाजवायचो. त्यात शेवटी एक सूर अगदी खाली यायचा, सगळ्यांत जाड तारेवर. तो वाजला की खोलीतला बाकही थरथरायचा. मला बारीक तारांचं फारसं कौतुक नव्हतं. लाडिक आवाज काढणाऱ्या मुली वर्गात पुष्कळ होत्या. ही जाड तार मात्र खेकसायची, आणि मला ती ऐकल्यावर कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं असं वाटायचं.

डॉक्टर कायमचे मायदेशी गेले, जाताना चेलो प्रार्थनेच्या खोलीला देऊन गेले. जबलपूरच्या एका संस्थेनं तो मागितला. पाद्रीसाहेब भला माणूस. ते आईला म्हणाले, “सिस्टर, करुणानं रीतसर एखाद्या शाळेत नाव घातलं तर चेलो तिच्याकडेच राहू दे. पण जुलै संपेपर्यंत सांगा. नुसता घरात धूळ खायला नाही देता यायचा.”

म्हणून आम्ही शाळा शोधत होतो. आणि नागपुरात चेलो शिकवणारं एकच माणूस होतं, ज्याच्या जिन्यावरून आई मला आत्ताच ओढून खाली घेऊन आली होती.

“त्यांच्याकडे पाटीसुद्धा नाही,” रिक्षात बसल्यावर आई म्हणाली. “खाली गॅरेज. वर ती बाई अशी. शाळा म्हणतात का याला?”

“त्यांना येतं वाजवायला.”

“गुडघे जवळ घे,” आई म्हणाली.

हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. जेवताना, अभ्यास करताना, ओट्यावर बसून शेंगा सोलताना. इतर मुलींच्या आया पाठ सरळ ठेव म्हणायच्या, माझी आई गुडघे जवळ घे म्हणायची. आणि मी घ्यायचे.

*

दुसरी शाळा धरमपेठेत होती. स्वरवेल संगीत विद्यालय. पाटी पितळेची, अंगणात तुळस, आत पांढऱ्या चादरी अंथरलेल्या बैठका. आई दारातच खूश झाली. तिथे जायच्या आधीच तिनं तिथल्या एका विद्यार्थिनीच्या आईकडे वॉर्डात चौकशी करून ठेवली होती, त्यामुळे तिला माहीत होतं की इथल्या मुलींना परीक्षा असतात, प्रमाणपत्रं असतात आणि लग्नाच्या वेळी स्वरवेलचं नाव सांगितलं की समोरचे लोक मान हलवतात.

व्हायोलिन शिकवणारे देवपुजारी सर भेटले. पन्नाशीचे, गोरे, मऊ बोलणारे. संस्था चालवायच्या त्या प्रमिलाताई खानझोडे. त्या शेजारच्या खुर्चीत बसून पानाला चुना लावत होत्या.

“मेश्राम,” प्रमिलाताई म्हणाल्या. “म्हणजे कुठले?”

नागपुरात हा प्रश्न गाव कळावं म्हणून विचारत नाहीत. आईनं सरळ उत्तर दिलं, “मिशन हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे मी.”

“छान, छान. घरात आणखी कोण?”

“आम्ही दोघीच.” आईनं पदर सारखा केला. “आई गावाकडे असते.”

मी आईकडे बघितलं. आजी त्या क्षणी आमच्या घरी माळ्यावरच्या मांजरीला शिव्या देत असणार. आईनं माझी नजर टाळली.

देवपुजारी सरांनी चेलो हाताळून बघितला. पूर्वी रेडिओच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिन वाजवायचे, तिथे चेलोवाल्याच्या शेजारी बसून थोडंफार उचललं होतं म्हणाले. “शिकवता येईल. व्हायोलिनचाच थोरला भाऊ आहे. बस बेटा.”

मी बसले. यावेळी आपण होऊन, पाय फाकवून, मिस क्वाड्रोसनी बसवलं होतं तशी. चेलो बरोबर आत आला. मी गज जाड तारेवर ठेवला.

“अगं अगं अगं!” प्रमिलाताईंच्या हातातलं पान खाली पडलं. “हे काय बसणं? देवपुजारी, आपल्या मुली अशा बसत नाहीत हं.”

“नाही, नाही,” सर गडबडीनं म्हणाले. “दोन्ही पाय एका बाजूला घे बेटा. उजवीकडे. स्कूटरवर मागं बसतात ना, तसं.”

“मी तेच सांगत असते तिला,” आई म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा इतका उजळला की मला रडू यायचंच बाकी होतं.

मी पाय एका बाजूला घेतले. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. चेलो घसरायला लागला. बारीक तारा कशाबशा वाजल्या. जाड तारेवर गज न्यायला गेले तर हात थेट माझ्याच गुडघ्यांवर आपटला. पुन्हा केलं, पुन्हा आपटला.

“जाड तार वाजत नाहीये,” मी म्हणाले.

सरांनी डोकं खाजवलं. प्रमिलाताईंकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिचं एवढं काही काम पडत नाही. तीन तारांवर भागव.”

“मग चौथी कशाला लावलीय?”

“करुणा!” आई म्हणाली. आणि सरांकडे वळून, “भागवेल सर. करते ती.”

प्रवेशाची रीत त्यांनी समजावून सांगितली. आठवड्यानं गुरुपौर्णिमा होती. नव्या मुलींनी साडी नेसून यायचं, सगळ्यांसमोर एक चीज वाजवायची, गुरूंपुढे नारळ ठेवायचा, मग नाव दाखल. “साडी मात्र पाहिजेच,” प्रमिलाताई म्हणाल्या. “आपली परंपरा आहे. पंजाबी ड्रेस चालत नाही.”

येताना आई रस्ताभर बोलत होती. तिची निळी साडी मला नेसवायची, अंबाडा घालायचा, पाद्रीसाहेबांना उद्याच सांगायचं. मी चेलो सांभाळत बसले. घरी आल्यावर चेलो कोपऱ्यात उभा केला आणि ओरडले, “मला नाही जायचं तिथे. त्यांना येत नाही! तू बघितलंस, त्यांना येत नाही! फक्त पितळेची पाटी आहे म्हणून तू मला तिथे टाकणार.”

“हो, टाकणार. पाटी आहे म्हणूनच टाकणार. उद्या तुला कुणी विचारलं कुठे शिकलीस, तर गॅरेजवर शिकले म्हणणार?”

“हो!”

“तर मग चेलो जाऊ दे जबलपूरला.”

आईला माहीत होतं मला कुठे दाबायचं. नर्सच ती, दुखतं कुठे ते तिला बरोबर कळायचं. आजी दारात बसून मटकी निवडत होती. तिनं फक्त विचारलं, “काय झालं व? काहून एवढ्या बोंबलून राहिल्या दोघी?”

तो आठवडा मी पाय एका बाजूला घेऊन सराव केला. डाव्या कुशीत कळ यायला लागली. गाणं शेवटी खाली उतरायचं आणि जाड तारेपाशी येऊन गुडघ्यांवर आदळायचं. आई दाराशी उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, “येतंय की छान.” तिला खरंच ऐकू येत नव्हतं की काहीतरी गाळलंय, की तिला ऐकायचं नव्हतं, मला कळेना. कळत नव्हतं म्हणून राग आणखी वाढायचा.

*

गुरुपौर्णिमेला आईची सकाळची ड्यूटी होती. ती हॉस्पिटलातून परस्पर स्वरवेलला येणार होती. जाताना निळी साडी, परकर, पिना सगळं खाटेवर काढून ठेवून गेली.

मी साडी नेसले. आरशासमोर स्टूल ठेवून बसून बघितलं. साडीत तर दोन्ही पाय एका पोत्यात घातल्यासारखे झाले होते. एका बाजूलासुद्धा नीट घेता येईनात. मी पिना उपटल्या आणि साडी भिंतीवर फेकली.

आजी भाकरी करत होती. तिनं साडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तिनं काय केलं तुह्यं?”

“बसता येत नाही तिच्यात! त्यांना साडीच पाहिजे, परंपरा पाहिजे. आणि मला पाय…” मी दोन्ही हातांनी हवेत दाखवलं, कसे पाहिजेत ते.

आजी हसायला लागली. “मंग त्यात काय? म्या तर गिरणीत साच्याच्या मशिनीसमोर तशीच उभी राहो दिवसभर. साच्यावर चढो, खाली वाको. एवढी सायकल चालवली म्या. लुगड्यात पाय कोणाले अडते?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती उकिडवी बसली होती, दोन गुडघे दोन दिशांना, मधे परात. कासोटा मागे खोचलेला. जन्मभर मी तिला तशीच बसलेली बघत होते.

“आजी, तुझं लुगडं नेसव मला.”

“वेडी झाली काय? तुही माय मले जिवंत गाडीन.”

“नेसव.”

“तिले नाही आवडत व लुगडं.” आजीनं हात धुतले. हसू अजून तोंडावर होतं, पण जरा कमी झालं होतं. “लहानपणी मले डबा घेऊन ये गिरणीत. गेटावर पोट्टे उभे राहत, बायांच्या पोटऱ्या पाहून काहीबाही बोलत. तर ही डबा चौकीदाराजवळ ठेवे अन् पळून जाये. मले ओळख नाही दाखवे. म्या म्हटलं, जाऊ दे. पोट्टी हाय. शिकली, पांढरी साडी नेसली, मले बरंच वाटलं.”

ती हे एखाद्या तिसऱ्याच बाईची गोष्ट असल्यासारखं सांगत होती. मला मात्र “आई गावाकडे असते” आठवलं आणि कानशिलं तापली.

“मग तूही चल,” मी म्हणाले. “माझ्याबरोबर. तुझ्या लुगड्यात.”

आजीनं पेटीतून तिचं चांगलं लुगडं काढलं, हिरवं, लाल काठाचं. तिनं मला ते नेसवलं तेव्हा दर खोचणीला ती मला अशी ओढत होती की मी दोनदा पडता पडता वाचले. मग मी बसले. पाय उघडले. मधला कासोटा घट्ट, सगळं झाकलेलं, सगळं मोकळं. चेलो आत आला. मी जाड तारेवर गज ओढला, तशी भिंतीशी ठेवलेली परात वाजली.

“अगं माय!” आजी म्हणाली. “म्हैस हंबरल्यावानी हाय की.”

सायकलरिक्षात मी, आजी आणि दोघींच्या मधे चेलो. आजीनं त्याला आजारी माणसासारखं खांद्याला टेकवून धरलं होतं.

*

स्वरवेलच्या दालनात गर्दी होती. पुढे बैठकीवर देवपुजारी सर आणि बाकीचे गुरू, हारांनी लादलेले. बाजूला खुर्च्यांवर प्रमिलाताई आणि दोन-तीन बायका. आई पुढून दुसऱ्या रांगेत होती. ड्यूटीवरच्या पांढऱ्या साडीतच आली होती, शेजारच्या बाईशी हसून बोलत होती. तिनं मागे वळून बघितलं. आधी तिला चेलो दिसला, मग लुगडं, मग माझ्यामागून येणारी आजी. हसू जागच्या जागी विझलं. ती मान वळवून पुन्हा पुढे बघत बसली.

तिनं बोलावलं नाही. आजी भिंतीशी, दाराजवळ, जिथे चपला काढल्या होत्या तिथे बसली. मी आईच्या पाठीकडे बघत होते. त्या वेळी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात पुन्हा कुणाचा आला नाही.

माझं नाव पुकारलं. पुढे एक खुर्ची ठेवली होती. मी बसले, पाय उघडले, चेलो आत घेतला. दालनात कुजबुज झाली. देवपुजारी सरांनी हातानं खूण केली, पाय बाजूला, पाय बाजूला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. चालीच्या सुरुवातीपासून न सुरू करता मी शेवटापासून सुरू केलं, जाड तारेपासून. एकच सूर, जितका ओढता येईल तितका.

“थांब,” प्रमिलाताई म्हणाल्या. “थांब मुली. हे काय ध्यान करून आली आहेस? साडी नेसून यायला सांगितलं होतं ना?”

“साडीच आहे. नऊवारी. परंपरा.”

“तोंड वर करून बोलते! परंपरा म्हणजे भांडी घासायला निघालेल्या बाईसारखं नेसायचं का? आणि हे बसणं! देवपुजारी, तुम्ही सांगितलं नव्हतं हिला?”

सर काहीतरी पुटपुटले. प्रमिलाताईंनी वैतागून आजूबाजूला बघितलं, आणि त्यांना भिंतीशी बसलेली आजी दिसली. त्या काही मुद्दाम बोलल्या नाहीत. तेच तर वाईट होतं. आवाज एकदम साधा, कामाचा झाला.

“अहो बाई, तुम्ही इथे काय बसलात? मागं चहाचे कप पडलेत सगळे. विसळून घ्या लवकर, पाहुणे यायचेत.”

आणि आजी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, खरंच उठली. जन्मभर कुणी काम सांगितलं की उठायचं, हे तिच्या अंगात होतं. तिनं पदर कमरेला खोचला आणि मागचं दार कुठे आहे ते शोधायला लागली.

मी गज हातात धरून बसले होते. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, आजीकडून शिकलेल्या, अस्सल. पण मी बोलले नाही. मी आईच्या पाठीकडे बघत होते. बोल, मी मनात म्हणत होते. आता तरी बोल. आता नाही बोललीस तर मी तुला आई म्हणणार नाही.

पांढरी पाठ हलली नाही. आजी दोन पावलं चालली. मग तिसरं टाकलं.

“माय!”

आई उभी होती. बाहेरच्या जगात ती नेहमी पुस्तकी बोलायची, डॉक्टरांशी बोलायची तसं. हा आवाज घरातला होता, चुलीपुढचा.

“माय, कुठी चालली तू? बस खाली. कायले उठली?”

“बाई म्हणते का कप…”

“बस म्हटलं ना! कप ज्याचे त्यानं धुवावे.” मग ती प्रमिलाताईंकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “माही माय हाय ते. माह्या घरी राहते. गावाकडं नाही राहत. मी खोटं बोलली तुमच्याशी.”

“अहो, मला काय माहीत,” प्रमिलाताई म्हणाल्या. “गैरसमज झाला. त्यात एवढं…”

“गैरसमज कायचा? लुगडं पाह्यलं अन् कप धुवाले लावलं. बरोबर समजल्या तुम्ही. माही माय कामाचीच बाई हाय. पण तुमच्या घरची नाही.” आई रांगेतून बाहेर आली, लोकांचे पाय तुडवत, आणि जाऊन दाराशी, चपलांमध्ये, आजीच्या शेजारी खाली बसली. पांढऱ्या साडीसकट. तिथून तिनं माझ्याकडे बघितलं.

“थांबली काहून?” ती ओरडली. “वाजव! पहिल्यापासून वाजव. अन् ते जाड तार गाळू नको.”

मी वाजवलं. चांगलं वाजलं असं मी म्हणणार नाही. दोन सूर चुकले, गज एकदा घसरला. पण गाणं खाली उतरत उतरत त्या तारेपाशी आलं तेव्हा मी सगळं वजन हातावर टाकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी उठले, नारळ होता तसाच पिशवीत ठेवला, आणि आम्ही तिघी निघालो.

फाटकापाशी देवपुजारी सर मागून धावत आले. चेलोचं कापडी कव्हर विसरलं होतं. गळ्यात हार तसाच होता.

“करुणा,” ते हळू आवाजात म्हणाले, “ती तार… फार छान लागली बेटा.”

“मग हे आत बोलायला काय झालं होतं?” मी म्हणाले.

मी कव्हर ओढून घेतलं. आज इतक्या वर्षांनीही त्या बाईपेक्षा या माणसाचा राग मला जास्त येतो, आणि तो गेलेला मला नकोच आहे.

*

“कुठं जायचं?” रिक्षावाल्यानं विचारलं. मी आणि आजीनं एकदमच आईकडे बघितलं.

“सदर,” आई म्हणाली. “गॅरेजपाशी.”

तिघींना आणि चेलोला एक रिक्षा पुरत नव्हती, तरी आम्ही मावलो. आई वाटेत एकदाच बोलली. आजीला म्हणाली, “कोणी काम सांगितलं का लगेच उठाचं असते काय, माय?” आजी म्हणाली, “मले वाटलं, तुह्यं काम अडीन.” आईनं तोंड रस्त्याकडे वळवलं ते सदर येईपर्यंत.

मिस क्वाड्रोसनी दार उघडलं आणि दारातच हात आडवा धरला. “नो. मी रागीट आयांच्या मुली घेत नाही. अर्ध्यात उठवून नेतात.”

“मुलगी माझ्याहून रागीट आहे,” आई पुन्हा पुस्तकी बोलायला लागली होती, पण आवाज बसला होता. “एकदा ऐका. मग नाही म्हणा.”

मिस क्वाड्रोसनी माझ्या लुगड्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हात काढला.

तेच स्टूल होतं. मी बसले. आणि काय झालं कोण जाणे, आई माझ्याकडे येताना दिसली आणि माझे गुडघे आपोआप एकमेकांना चिकटले. आत्ताच भर सभेत गुडघे उघडून बसून आलेली मी, पण आईची पावलं ऐकू आली की ते मिटतच.

मिस क्वाड्रोसनी पट्टी उचलली.

“थांबा,” आई म्हणाली. ती माझ्यापुढे जमिनीवर बसली. तिनं माझ्या दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवले, वॉर्डात पेशंटला ठेवते तसे, घट्ट आणि न लाजता. तिच्या हातांना फिनेलचा वास होता.

“उघड,” ती म्हणाली. मी थोडे उघडले.

“अजून.” आणि तिनं स्वतःच ते दोन बाजूंना केले, चेलो ओढून आत घेतला, माझ्या छातीला टेकवला. “इथे?” तिनं मान वर करून विचारलं.

“तिथेच,” मिस क्वाड्रोस म्हणाल्या. “आता बाजूला व्हा. मुली, सगळ्यांत जाड तार. हळू.”

आई उठली आणि भिंतीकडच्या बाकावर आजीपाशी गेली. मी गज ठेवला. सूर निघायच्या आधी मला तिचा आवाज ऐकू आला.

“माय, थोडी सरक न तिकडं,” ती आजीला म्हणत होती. “मले पाय पसरू दे.”